विरारची माणसे कुठून आली?

वाचकहो, तुमच्या घरातले, भावकीतले, निदान वाडीतले कोणी ना कोणी विरारला नाही तर नालासोपाऱ्याला राहत असेलच. गणपतीला, शिमग्याला ही मंडळी गावी येतात. चार दिवस राहतात, जाताना तांदूळ, कुळीथ, नारळ बांधून नेतात आणि एस.टी.त पाय ठेवता ठेवता दरवेळी तेच सांगतात, "तिकडे माणसांना काही अंत नाही हो!" गाडी गेली की ओटीवरचे कोणी वडीलधारे मान हलवतात, "पोरे फार झाली लोकांना. म्हणून ही गर्दी."

हे बोलणे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते खरे की खोटे हे पाहण्याची गरजही वाटत नाही. आज ते पाहू. हिशेब अवघड नाही, शाळेतल्या पोराच्या पाटीवर मावेल एवढाच आहे.

पण त्याआधी जुने विरार डोळ्यांपुढे आणा. इथे आगगाडी फार जुनी. १८६७ साली १२ एप्रिलला विरारहून मुंबईच्या बॅक बे स्थानकापर्यंत रोजची गाडी सुरू झाली. सकाळी एक जायची, संध्याकाळी एक यायची. दिवसाला एक गाडी पुरत होती, यावरून वस्तीची कल्पना करा. १९३६ साली विजेची गाडी विरारला पोचली. तरीही नंतर कितीतरी वर्षे स्टेशनाच्या पश्चिमेला बोळींज, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा, निर्मळ या वाटेवर दोन्ही बाजूंना वाड्याच वाड्या होत्या. केळी, नारळ, विड्याच्या पानांचे मांडव, मोगरा, वांगी, पालेभाजी. विहिरीवर रहाट, रहाटाला रेडा नाही तर बैल. पूर्वेला भातशेती, जीवदानीचा डोंगर आणि त्याच्या पलीकडे आदिवासी पाडे. पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या, फुलांच्या करंड्या आणि दुधाचे कॅन दादरला जात. मुंबईच्या पोटात जे जाई, त्यातला एक घास वसई-विरारच्या वाडीतला असे.

पाटीवरचा हिशेब

२००१ च्या शिरगणतीत वसई तालुक्यात सुमारे ८ लाख माणसे मोजली गेली. विरार, नालासोपारा, वसई, नायगाव, सारे त्यात आले. २०११ मध्ये तोच आकडा १३ लाख ४३ हजारांवर गेला. दहा वर्षांत जवळजवळ साडेपाच लाखांची भर.

आता ही भर पाळण्यातून आली का ते बघू. त्या काळात महाराष्ट्रात हजार माणसांमागे वर्षाला साधारण १७ मुले जन्मत होती आणि ६ माणसे मरत होती. वजाबाकी केली की हजारी ११ उरतात. ८ लाखांना वर्षाला झाले पावणेनऊ हजार. दहा वर्षांचे एक लाखाच्या आत-बाहेर. तालुक्यात तरुण जोडपी जास्त आणि वस्ती वर्षागणिक फुगत होती, म्हणून उदार मनाने सव्वा लाख धरा. दीड धरलेत तरी हरकत नाही.

साडेपाच लाखांतून दीड लाख वजा करा. चार लाख माणसे उरतात. ती विरारच्या पाळण्यात जन्मली नाहीत. ती पिशव्या आणि ट्रंका घेऊन आली.

कुठून आली, तेही शिरगणतीतच लिहिलेले आहे. फक्त दुसऱ्या पानावर बघावे लागते. त्याच दहा वर्षांत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा जो मुंबई शहर जिल्हा, त्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. वाचून दचकलात ना? मुंबई शहर रिकामे होत होते! आणि आणखी खाली या. रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला. सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर चढत असताना ही घट झाली.

म्हणजे विरारचे भरणे आणि आपल्या वाडीतली घरे कुलपात जाणे ही एकाच वहीची जमा आणि खर्चाची पाने आहेत. ओटीवर बसून "पोरे फार झाली" म्हणणाऱ्या आजोबांचीच दोन मुले विरारच्या गर्दीत असतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही एवढेच. अर्थात सगळे कोकणातून आले असे नाही. देशावरून, मराठवाड्यातून आले, गुजरातेतून आले, उत्तरेकडच्या राज्यांतून तर फार आले. त्यांच्याही गावी कोणीतरी ओटीवर बसलेले असेलच.

मुंबईतून ही माणसे का निघाली, याची एक तारीख तुमच्यातल्या जुन्या चाकरमान्यांना तोंडपाठ असेल. १८ जानेवारी १९८२. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप रीतसर मिटलाच नाही, गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीचे भाव चढत गेले आणि त्या खोलीत वाढलेली मुले लग्नाला आली. खोली विकायची, भावांत पैसे वाटायचे आणि त्या पैशात जिथे दोन खोल्या मिळतील तिथे जायचे. ते ठिकाण होते विरार, नालासोपारा. चर्चगेटपासून साठ किलोमीटर. नोकरी मुंबईतच राहिली, झोपायला तेवढे विरार.

इथे आपल्या घरचाही हिशेब आलाच. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, म्हणजे साडेदहा एकरांच्या वर. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर उरली. सव्वातीन एकर! खातेदार ४९ लाखांवरून १५२ लाखांवर गेले. या पंचेचाळीस वर्षांत माणसे सव्वादोन-अडीच पट झाली, पण खाती तिप्पट झाली. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जमिनीचे तुकडे माणसे वाढल्यामुळे पडले हे खरे, पण त्याहून जास्त पडले ते जमिनीवाचून दुसरा आधार गावात उभा राहिला नाही म्हणून. गावाजवळ कारखाना असता, कॉलेज असते, दवाखाना असता, तर चार भावांतले दोघे जमिनीवरचा हक्क सैल करून दुसऱ्या धंद्याला लागले असते. तसे घडले नाही. सव्वातीन एकरांतही बारमाही पाणी असलेले नशीबवान थोडेच. मग धाकट्याने रात्रीची गाडी धरली. तो कुठे उतरला ते वर आलेच आहे.

पाळणा खरोखर कसा लांबला

लोकसंख्या आणि विकास यांचे नाते काय, यावर विद्वानांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, आधी पोरे कमी करा म्हणजे विकास होईल. दुसरा म्हणतो, आधी विकास करा म्हणजे पोरे आपोआप कमी होतील. १९७४ साली रुमानियातल्या बुखारेस्टला जगभरच्या सरकारांची लोकसंख्या परिषद भरली होती. तिथे आपले त्या वेळचे आरोग्यमंत्री करणसिंह यांनी, विकास हेच उत्तम संततिनियमन, अशा अर्थाचे विधान केले आणि ते जगभर गाजले. पुढे दोनच वर्षांत, १९७६ साली, आणीबाणीत याच देशात नसबंदीच्या सक्तीचे काय काय प्रकार झाले हे जुन्या लोकांना सांगायला नको. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण त्या धसक्याने गावोगाव पुरुष जे या शस्त्रक्रियेपासून दूर पळाले, ते आजतागायत परतलेले नाहीत. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याच्या जवळपास स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषांची? शेकडा एकही नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, हे डॉक्टर सांगून थकले. घरातल्या कर्त्या पुरुषांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

खरे तर सक्तीची गरजच नव्हती. महाराष्ट्रात हे काम फार आधी एका गणिताच्या प्राध्यापकाने सुरू केले होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यापायी त्यांची नोकरी गेली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक पदरमोड करून चालवले. त्यांच्यावर खटले झाले, लोकांनी नावे ठेवली. १९३८ साली डॉ. आंबेडकरांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही पडला. कर्व्यांचा रोख माणसांच्या आकड्यापेक्षा बाईच्या देहावर आणि तिच्या मर्जीवर होता. आज मागे वळून पाहिले तर तोच रोख बरोबर होता असे मला वाटते.

कारण आकडे तसेच बोलतात. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी तीनाच्या जवळपास मुले होत. २०१९-२१ मध्ये १.७. खेड्यांतही सरासरी दोनाच्या आतच आहे. म्हणजे तुमच्या आजीला सात, आईला चार आणि तुमच्या सुनेला दोन नाही तर एकच. हे कोणी काठी उगारून केले? १९७१ च्या सुमारास राज्यात जन्मलेल्या हजार मुलांपैकी शंभराच्या वर मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० मध्ये हा आकडा १६ वर आला होता. ज्या आईला आपले मूल जगेल याची खात्री नसते, ती दोनांवर कशी थांबेल? सात बाळंतपणे ही तिची हौस नव्हती. सातांतले चार तरी हाताशी राहावेत एवढाच तिचा हिशेब होता. लस आली, दवाखाना जवळ आला, मुलगी शाळेत गेली, लग्न चार वर्षे पुढे गेले, तेव्हा पाळणाही थांबला. त्याच पाहणीत देशभरातल्या शाळा न पाहिलेल्या स्त्रियांना सरासरी २.८ मुले होती आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्या स्त्रियांना १.८. चीनने १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत एकच मूल असा कडक नियम चालवला. आज तिथे म्हातारे जास्त आणि तरुण कमी झाले, सरकार आता जास्त मुले व्हावीत म्हणून विनवण्या करते. केरळने मात्र कोणावर जबरदस्ती न करता, शाळा आणि दवाखाने यांच्या जोरावर पाळणा खाली आणला.

या चांगल्या गोष्टीत एक कुसळ आहे, तेही सांगितले पाहिजे. कुटुंब लहान झाले, पण 'त्यात एक तरी मुलगा हवाच' हा हट्ट गेला नाही. गर्भाची तपासणी करून मुलगी नाकारण्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. तरी सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ अशी उतरत गेली. हा काही विकास नव्हे.

कोणी विचारील, घरोघरी दोनच मुले तर देशाची लोकसंख्या अजून का वाढते? विहिरीवरचा पंप बंद केला म्हणजे पाटातले पाणी लगेच आटत नाही, शेवटच्या वाफ्यापर्यंत जात राहते. तसेच हे. भरल्या घरात जन्मलेली मुले आता आईबाप झाली आहेत. त्यांना दोन-दोन झाली तरी काही वर्षे बेरीज होतच राहणार.

आणि विकास पोचला नाही तिथे काय होते, हे पाहायला विरारहून फार दूर जावे लागत नाही. याच जिल्ह्यात जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला १९९२-९३ मध्ये कुपोषणाने आदिवासी बालके एकामागून एक दगावली. साऱ्या राज्यात हळहळ झाली. विरारला वर्षाला पन्नास हजार माणसे कुठे मावायची ही चिंता, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जन्मलेले मूल जगेल का ही चिंता. एकाच जिल्ह्यातली ही दोन गावे! (तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर वेगळा झाला.)

आधी माणसे, मग पाणी

आता विरारला येऊन पोचलेल्या त्या चार लाखांकडे वळू. त्यांना राहायला जागा हवी, प्यायला पाणी हवे. जागा होती ती वाड्यांची, भातखाचरांची आणि मिठागरांच्या कडेची. १९८८ साली सरकारने वसई पट्ट्यातली हिरव्या पट्ट्यात राखलेली मोठी जमीन बांधकामाला मोकळी केली. १९९० मध्ये नियोजनाचे काम सिडकोकडे आले. पण इमारतींनी नियोजनाची वाट पाहिली नाही. त्या आधी उभ्या राहिल्या आणि पाणी आणायचे कुठून हा विचार मागून आला.

पाणी सापडले वाड्यांच्या विहिरींत. इथली ही गोष्ट विहीर असलेल्या प्रत्येक वाचकाने समजून घ्यावी. समुद्रकाठच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर ते हलके म्हणून तरंगत राहते, दुधावर साय असते तसे. गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली तर खालचे खारे पाणी चाळीसेक फूट वर सरकू शकते. रेड्याचा रहाट दिवसभर फिरून जेवढे पाणी काढी, तेवढे रात्रीतून भरून येई. रहाटाला ही साय काढणे जमत होते. इंजिनाने ती खरवडायला सुरुवात केली, आणि पुढे टँकर आले. वाडीच्या विहिरीवर टँकर उभा करायचा, पाणी ओढायचे आणि नव्या इमारतीला विकायचे. केळीला पाणी घालण्यापेक्षा पाणी विकण्यात पैसा दिसू लागला. ज्याने विकले त्याची विहीर खारी झालीच, पण ज्याने एक थेंब विकला नाही त्या शेजाऱ्याचीही झाली. जमिनीखाली बांध नसतो ना!

तेव्हा वसईचे लोक उठले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, बायामाणसे हजारोंनी मोर्च्याला आली. हेच दिब्रिटो पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते वारले. त्यांच्या चळवळीने किती वाचवले आणि किती वाचवता आले नाही, यावर वसईत आजही वाद होतात. पण पश्चिमेला जे हिरवे अजून दिसते, त्याचा मोठा वाटा त्या लोकांचा आहे असे माझे मत आहे.

विहिरींनी भागेना तसे पाणी लांबून आणणे आले. सूर्या नदीवर धामणीचे धरण आहे. ते बांधले होते डहाणू, विक्रमगड, पालघर या भागातल्या शेतीसाठी, मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांसाठी. त्याच पाण्यातून वसई-विरारला नळ आले. अलीकडच्या प्रादेशिक योजनेत तर रोज ४० कोटी ३० लाख लिटर पाणी ठरले, त्यातले साडेअठरा कोटी लिटर वसई-विरारला आणि उरलेले मीरा-भाईंदरला. विरारच्या बाईने रात्री दोनला उठून टँकरच्या रांगेत उभे राहावे असे कोणीच म्हणणार नाही, तिला पाणी मिळालेच पाहिजे. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे, त्याने उन्हाळी पीक कशावर घ्यायचे? तो ते घेऊ शकला नाही तर त्याचाही मुलगा गाडी धरणार आणि विरारलाच उतरणार. रहाटगाडगे म्हणतात ते हेच.

२००९ साली चार नगरपरिषदा आणि पन्नासच्या वर गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, तो प्रश्न बराच काळ न्यायालयात लोंबकळला. २०११ ला पालिकेच्या हद्दीत १२ लाखांवर माणसे होती. जुलै २०१८ मध्ये पाऊस झाला तेव्हा वसई, नालासोपारा, विरार दोन-तीन दिवस पाण्यात होते, गाड्या बंद, वीज बंद, मिठागरांतले कामगार अडकले. पावसाचा दोष थोडाच होता. पूर्वी जे पाणी खाचरांत आणि मिठागरांत पसरे, त्याच्या जागेवर घरे उभी होती. नालासोपाऱ्यात सांडपाण्याच्या प्रकल्पासाठी आणि कचऱ्यासाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती चढल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५ मध्ये त्या पाडल्या गेल्या. बांधणारे आधीच पैसे घेऊन मोकळे झाले होते, रस्त्यावर आली ती आपली चाकरमानी मंडळी. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला एक चार मजली इमारत रात्री कोसळली आणि १७ माणसे गेली. ती इमारत शंभर वर्षांची जुनी नव्हती. बारा-तेरा वर्षांची होती, आणि बेकायदा होती.

म्हणून मुलाने फोन करून "आई, नालासोपाऱ्याला खोली बघितलीय, गावचा तुकडा विकून थोडे पैसे पाठव" असे म्हटले, तर आधी तीन कागद मागा. जागा बिनशेती झाल्याचा, पालिकेच्या बांधकाम परवानगीचा आणि भोगवट्याचा दाखला. तिन्ही कागद घेऊन पालिकेच्या कचेरीत जा आणि ते तिथल्या नोंदीशी ताडून पाहा, कारण खोट्या कागदांवर उभ्या असलेल्या इमारतीही या भागात निघाल्या आहेत. यात आठ दिवस जातील. जाऊ द्यात. गावचा तुकडा एकदा गेला की तो परत येत नाही, आणि त्यात बहिणीचाही कायद्याने हिस्सा आहे, तिलाही विचारा.

आता जे वाचक सफाळे, केळवे, पालघर, बोईसर, डहाणू या बाजूचे आहेत त्यांच्यासाठी चार शब्द जास्त. विरारची लोकल एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत जाते. बुलेट ट्रेनची स्थानके विरार आणि बोईसरजवळ ठरली आहेत. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मच्छीमारांचा आणि बागायतदारांचा विरोध आहे, तो का आहे हे त्यांच्या तोंडून ऐकावे. पण बंदर होवो न होवो, माणसे तुमच्याकडे सरकणार हे नक्की. बोळींजचा वाडीवाला १९८८ साली जिथे उभा होता, तिथे आज तुम्ही आहात. तुमच्या विहिरीवर पहिला टँकर अजून आलेला नसेल, तर ग्रामसभेत एवढे तरी ठरवून घ्या की गावच्या विहिरींचे पाणी गावाबाहेर विकायचे नाही, आणि ओढे, खाचरे, खाजणे यांवर भराव कोणी टाकायचा नाही. ठराव लिहून, सह्या घेऊन, त्याची नक्कल जपून ठेवा. एकट्याने विहीर राखून भागत नाही, हे आगाशीकडच्या शेजाऱ्याने शिकवले आहे.

आणखी एक काम सगळ्यांचेच. २०११ नंतर देशात शिरगणती झालेली नव्हती, २०२१ ची करोनामुळे हुकली. विरारची प्रभागरचना त्यानंतरही २०११ च्याच आकड्यांवर झाली. पुढच्या गणतीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख सरकारने जाहीर केली आहे. पुष्कळ चाकरमानी म्हणतात, "आमचे नाव गावीच असू दे." घरपट्टी, देवळाची वर्गणी, मानपान गावच्या नावावर असू द्या. पण शिरगणतीत माणूस राहतो तिथलाच लिहिला जातो. विरारला राहून गावी नाव घातले तर विरारच्या वाट्याला तेवढ्या माणसांचे पाणी आणि शाळा कमी, आणि गावात प्रत्यक्षात म्हातारी दोनच माणसे उरली आहेत, त्यांना दवाखाना हवा आहे, हेही कोणाला कळणार नाही. तेव्हा शिमग्याला पोरे आली की त्यांना हे सांगून ठेवा, आणि दारी गणतीवाले गुरुजी आले की ओटीवर बसवून चहा द्या व घरात खरोखर जेवढी ताटे वाढली जातात तेवढीच नावे सांगा.